जिभेचा निवाडा

1748 साली इंग्लिश चित्रकार विल्यम होगार्थ फ्रान्सहून परतताना कॅले बंदरात थांबला. तिथल्या वेशीचं रेखाटन करत असताना त्याला हेर समजून पकडलं गेलं आणि मायदेशी पिटाळलं गेलं. त्या अपमानाचं उट्टं त्यानं कुंचल्यानंच काढलं. लंडनच्या टेट ब्रिटन संग्रहालयात असलेल्या त्याच्या चित्रात मधोमध एक आचारी गोमांसाचा भलाथोरला तुकडा पेलत चालला आहे. हे मांस इंग्लंडहून आलेलं, कॅलेतल्या इंग्लिश खाणावळीत निघालेलं. एक गलेलठ्ठ मठवासी त्याला बोट लावून बघतो आहे. पाणचट सूप हातात घेतलेले फाटके फ्रेंच शिपाई त्याकडे डोळे फाडून पाहत आहेत. एकाच्या वाडग्यातलं सूप सांडतंय, त्याची त्याला शुद्ध नाही. डाव्या कोपऱ्यात गळ्यात क्रूस घातलेल्या बायका एका पाकट माशापाशी रेंगाळल्या आहेत. त्या माशाला चक्क माणसाचा तोंडवळा आहे.

आणि वेशीच्या कमानीतून, मागे दूरवर, पवित्र भाकरीची मिरवणूक चाललेली दिसते. लोक गुडघे टेकून बसले आहेत.

या मिरवणुकीमुळे चित्राचा अर्थ पालटतो. प्रार्थनाविधीत भाकर खरोखरच ख्रिस्ताचं शरीर होते, असं कॅथॉलिक मानतात. इंग्लंडच्या प्रोटेस्टंट चर्चनं ते नाकारलं होतं. होगार्थनं एकाच चित्रात दोन मांसं मांडली: एक श्रद्धेनं मानायचं, दुसरं हातानं चाचपता येणारं. फ्रेंच भुकेले आहेत कारण त्यांचा धर्म खोटा आहे, इंग्रज धष्टपुष्ट आहे कारण त्याचा धर्म खरा, असा त्याचा दावा. ताटावरून माणसाची नियत, देव आणि राज्यव्यवस्था, सगळ्यांचा एका फटक्यात निकाल.

असा निकाल देता येतो का? आपल्या जिभेला जे रुचत नाही त्यावरून ते खाणाऱ्याची पारख करण्याचा अधिकार आपल्याला कुठून मिळतो?

दोन्हीकडच्यांनी तो अधिकार गृहीतच धरला. इंग्रजांनी फ्रेंचांना ‘बेडूक’ म्हटलं, फ्रेंचांनी इंग्रजांना ‘रोसबिफ’, म्हणजे भाजलेलं गोमांस. होगार्थच्या चित्राच्या वर्षभर आधी, 1747 मध्ये, हॅना ग्लासचं पाकपुस्तक लंडनमध्ये निघालं. बारा अंडी तळायला सहा पौंड लोणी उधळणाऱ्या फ्रेंच आचाऱ्यांवर आणि त्यांच्यामागे धावणाऱ्या इंग्लिश श्रीमंतांवर त्यात तिनं तोंडसुख घेतलं आहे. मात्र त्याच पुस्तकात फ्रेंच वळणाचे रस्से भरपूर आहेत, आणि हिंदुस्थानी पद्धतीची ‘करी’सुद्धा. तक्रार प्रस्तावनेत, पदार्थ आतल्या पानांत!

या वैराचं धार्मिक स्पष्टीकरण नेहमी दिलं जातं: प्युरिटन या कडव्या प्रोटेस्टंटांनी इंग्रजांना चवीचं सुख हे पाप आहे असं शिकवलं, म्हणून त्यांचा स्वयंपाक अळणी झाला. इतिहास त्याला फारशी साथ देत नाही. ला व्हारेनचं गाजलेलं फ्रेंच पाकपुस्तक 1651 चं, आणि त्याचा इंग्लिश अनुवाद 1653 मध्ये लंडनला छापला गेला. म्हणजे इंग्लंडच्या राजाचा शिरच्छेद होऊन प्युरिटनांची सत्ता होती, नेमक्या त्याच काळात. समाजशास्त्रज्ञ स्टीफन मेनेल यांनी 1985 च्या ग्रंथात जास्त पटणारं कारण दिलं. फ्रेंच सरदार व्हर्सायच्या दरबारात जमले आणि पंगतीच्या थाटात एकमेकांवर कुरघोडी करू लागले. इंग्लिश जमीनदार आपापल्या गावच्या वाड्यांत राहिले आणि शेतातलं साधं, ताजं खात राहिले. फरक पडला तो सत्ता कुठे एकवटली होती यामुळे. त्याचं खापर देवावर फोडणं अन्यायाचं आहे.

मग ‘आवड ज्याची त्याची’ म्हणून विषय संपवावा? स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याला ते मान्य नव्हतं. 1757 च्या रुचीवरील निबंधात त्यानं एका जुन्या स्पॅनिश कादंबरीतल्या सँचो पान्झाच्या दोन नातलगांची गोष्ट सांगितली आहे. दोघांनी पिंपातली वाइन चाखली. एकाला तिच्यात कातड्याची चव लागली, दुसऱ्याला लोखंडाची. लोक हसले. पिंप रिकामं झालं तेव्हा तळाशी कातडी पट्टा बांधलेली किल्ली सापडली! चवीचा निवाडा होऊ शकतो, पण तो करणाऱ्याची जीभ तरबेज हवी, त्यानं बरंच काही चाखून तुलना केलेली असावी आणि मन पूर्वग्रहातून सोडवलेलं असावं, असं ह्यूम म्हणतो. त्याला हे म्हणायचा अधिकार होता. तरुणपणी तो फ्रान्समध्ये राहिला, पुढे पॅरिसच्या वकिलातीत होता, आणि उतारवयात एडिंबरोला स्वतः स्वयंपाक करू लागला तेव्हा गोमांस-कोबीबरोबरच एका फ्रेंच सूपची कृतीही त्यानं स्वहस्ते उतरवून घेतली होती.

ह्यूमचा हात धरून पुढे गेलं तर तीन विधानं वेगळी करावी लागतात. ‘मला हे आवडत नाही’, यावर वाद नाही. ‘हे वाईट आहे’, याला किल्ली दाखवावी लागते. ‘हे खाणारे लोकच वाईट’, हे सिद्ध करील असा पुरावा कुठल्याच पिंपाच्या तळाशी नसतो.

जुलै 2005 मध्ये फ्रान्सचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांनी पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर उडी मारली. ज्यांचं अन्न इतकं वाईट त्यांच्यावर विश्वास कसा ठेवायचा, अशा अर्थाचं ब्रिटिशांविषयीचं त्यांचं खासगी बोलणं ‘लिबेरास्याँ’ या दैनिकानं छापलं, आणि ब्रिटिश वर्तमानपत्रांनी त्याच भाषेत परतफेड केली.

दुसऱ्या विधानाचा अशाने बळी जातो. मार्च 1996 मध्ये ब्रिटनमधल्या गाईंच्या ‘मॅड काऊ’ रोगाचा माणसांतल्या जीवघेण्या आजाराशी संबंध असल्याचं जाहीर झालं आणि युरोपीय संघानं ब्रिटिश गोमांसावर बंदी घातली. 1999 मध्ये ती उठली, तरी फ्रान्सनं स्वतःपुरती चालूच ठेवली. ब्रिटनमध्ये याला जुनं वैर म्हटलं गेलं. पण 1980 च्या दशकात एचआयव्ही-दूषित रक्त रुग्णांना दिलं गेल्याची जखम फ्रेंच प्रशासनाच्या मनात ताजी होती. सार्वजनिक आरोग्याबाबत पुन्हा उशीर झाला तर काय, ही भीती खरी होती. डिसेंबर 2001 मध्ये युरोपीय न्यायालयानं फ्रान्सला दोषी ठरवलं, आणि अखेर ऑक्टोबर 2002 मध्ये बंदी उठली. 1996 पूर्वी ब्रिटिश गोमांसाचं सर्वात मोठं परदेशी गिऱ्हाईक फ्रान्सच होतं. ज्याची जनावरं निरोगी होती अशा ब्रिटिश शेतकऱ्याला या सहा वर्षांत विचारायचं होतं ते एवढंच: मांसात दोष असेल तर तो कोणता, आणि तो नाही हे कोणत्या तपासणीनं पटेल? फ्रेंच आईलाही मुलाच्या ताटात मांस वाढण्यापूर्वी नेमकं हेच माहीत करून घ्यायचं होतं.