हा कुणाचा?

नवी पेठेत माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, दहा बाय बाराचा गाळा आणि पुढं दोन पायऱ्या. सकाळी मी शटर वर करतो तेव्हा समोर रस्त्याच्या कडेला ओळीनं वस्तू मांडलेल्या असतात. एक वीट, एक फाटकं पोतं, एक पालथी पाटी, दगडाखाली दाबलेला पुठ्ठा. माणूस एकही नसतो. वीट भाजीवाल्या मावशींची, पोतं लिंबं-मिरच्यावाल्याचं, पाटी केळीवाल्याची. रस्ता सरकारचा. त्यावर कुणाचा सातबारा नाही. पण ती वीट कुणी हलवत नाही. मावशी चार दिवस तापानं पडल्या तरी वीट जागच्या जागी असते.

येणाऱ्या-जाणाऱ्याला याचं नवल वाटतं. मला वाटत नाही. ही रीत मी लहानपणी माळावर पाहिलीय. ती कुठं संपते, हेही तिथंच पाहिलंय.

आमचं गाव सोलापूरच्या उत्तरेला, बार्शी रस्त्यानं नान्नजच्या अंगाला. गावाला शेती थोडी आणि माळ मोप. मुरमाड जमीन, वर कुसळीचं गवत, मधी मधी तरवड, बोर, हिवराचं एखादं झाड. यातला पुष्कळसा माळ गायरान. गायरान म्हणजे सगळ्यांचं. गाईगुरं चरायची, बाया गवऱ्या-काड्या वेचायच्या, धनगरांचे कळप उतरायचे. आणि शिकार चालायची. मी सांगतोय ते १९६५-६६ च्या आसपासचं.

शाळू निघाला, रानं मोकळी झाली की गावातली पाच-दहा माणसं कुत्री घेऊन सशाला जायची. माझे आबा त्यांच्यात म्होरके. बंदूक कुणाकडं नव्हती. काठी, कुत्री आणि पाय. पण नेम असे होते की कोर्टातसुद्धा नसतील. ज्याच्या कुत्र्यानं ससा उठवला, ससा त्याचा. धरला भले दुसऱ्याच्या कुत्र्यानं. धरणाऱ्या कुत्र्याला त्याचा वाटा आधी. शेजारच्या गावची टोळी दिसली तर लांबनं हाळी द्यायची आणि त्यांच्या पुढनं आडवं जायचं नाही. पाणवठ्यावर दबा धरायचा नाही. आबा म्हणायचे, "पाण्याला आलेलं जनावर पाव्हणं असतं. पाव्हण्याला मारतंय व्हय कोण?"

आणि वाटे घालायची तऱ्हा तर बघण्यासारखी. एक जण मटणाचे सारखे ढीग करायचा. दुसऱ्यानं पाठ फिरवून बसायचं. बहुतेक वेळा मी बसायचो, कारण मी लहान. मागनं कुणीतरी एका ढिगाला बोट लावून विचारायचं, "हा कुणाचा?" मी न बघता नाव घ्यायचं. "हा कुणाचा?" "तात्यांचा." "हा कुणाचा?" "मुलाण्याच्या काकांचा." ढीग लहान निघाला तरी कुणी तोंडातनं ब्र काढायचा नाही. वाटे घालताना एखादा वाटसरू तिथं येऊन टेकला तर त्यालाही मूठभर मिळायचं. त्याच्या नावानंही एक "हा कुणाचा?" व्हायचं.

त्याच माळावर आणखीही लोक शिकार करायचे. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा या संशोधकांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या भटक्यांचा अभ्यास केला आणि १९८०च्या दशकात त्यावर लिहिलं. ते मी फार पुढं, दुकानात बसून वाचलं. एकाच मुलखात फासेपारधी, वैदू आणि तिरमल नंदीवाले असे तिघं शिकार करतात, पण एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत. फासेपारधी फासे लावून काळवीट आणि तित्तर-लाव्यासारखी पाखरं धरणार. नंदीवाले कुत्री घेऊन रानडुकराच्या, सायाळीच्या मागं जाणार. वैदू सापळे लावून मुंगूस, उदमांजर असली बारीक जनावरं धरणार, ओढ्यातले खेकडे-कासवं काढणार. आणि फाशात गाभणी मादी किंवा पाडस सापडलं तर फासेपारधी ते सोडून देतात, हेही त्यांनी नोंदवलंय.

वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ बसून राहिलो. कारण त्यातली एक गोष्ट मला आधीपासून ठाऊक होती. ती मला एका म्हाताऱ्या पारध्यानं सांगितली होती, आमच्याच अंगणात उभं राहून.

त्याचं असं झालं. उन्हाळ्याचे दिवस होते. गावाबाहेर ओढ्याकाठी पारध्यांची चार पालं पडलेली. आम्ही पोरं लांबनं बघायचो. त्यांच्याकडं पिंजऱ्यात पाळलेला तित्तर असायचा. तो ओरडला की रानातला तित्तर भांडायला धावून यायचा आणि भोवती लावलेल्या फाशात पाय अडकवून घ्यायचा. एका पहाटे मी आणि माझा चुलतभाऊ परसाकडं म्हणून माळावर गेलो. तरवडाच्या आडोशाला फाशांची ओळ होती आणि शेवटच्या फाशात एक तित्तर फडफडत होता. आजूबाजूला कोणी नव्हतं. गाठ सुटेना म्हणून मी फासा दातानं तोडला, खुंटी तिथंच फेकली आणि तित्तर सदऱ्यात घालून घरी आणला.

आईनं विचारलं, कुठला? म्हटलं, सापडला. आबांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं. ते हसले आणि म्हणाले, "पारध्याचा दिसतोय. असू दे." पिसं काढायला मीच बसलो. पोटाखालची कातडी उघडी होती, पिसं झडलेली. मला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता.

दुपारी म्हातारा आला. अंगणाच्या बाहेर, दगडी कट्ट्यापासनं चार पावलांवर उभा राहिला. हातात तुटका फासा. आबा बाजेवर बसलेले. म्हातारा म्हणाला, "मालक, तित्तराचं काय न्हाई. खाल्ला, खाल्ला. पर लेकरांनी फासा तोडला. वादी वळाया लई दिस लागत्यात. गाठ सोडाया शिकवतो म्हनलं, म्हंजी पुन्यांदा तोडायचं न्हाईत."

आबा उसळले. "माझ्या पोरावर चोरीचा आळ घेतोस? बघितलंस का? पुरावा हाय का तुझ्याकडं? का पोलीस पाटलाला बोलवू?"

पोलीस पाटलाचं नाव निघालं आणि म्हातारा खाली बघायला लागला. ते भ्या काय होतं, हे मी पुढं समजून घेतलं. १८७१ सालच्या इंग्रजांच्या कायद्यानं अशा जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या होत्या. आमच्या सोलापुरातच तारेच्या कुंपणाचं सेटलमेंट होतं, माणसांना हजेरी द्यावी लागायची. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का कागदावरनं पुसला गेला. म्हणजे मी सांगतोय त्या दुपारच्या आधी जेमतेम चौदा वर्षं. चोरी त्याची झाली होती, आणि पोलिसांचं भ्या त्यालाच होतं.

तो वळला. मग थांबला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "लेकरा, एक सांग. पोटाची पिसं झडल्याली हुती का? झडल्याली असली तर अंड्यावरची मादी. ती आमी धरत न्हाई, सोडतो. जवळपास घरटं आसंल, म्हनून इचारलं."

मी म्हणालो, "नव्हती झडल्याली."

तो "बरं" म्हणाला आणि गेला. माझा तो शब्द त्यानं मानला की नाही, मला माहीत नाही. मी संध्याकाळी तरवडाखाली घरटं शोधलं. सापडलं नाही.

या गोष्टीतला तित्तर मी कधीच पचवला आहे. पचत नाही तो आबांचा चेहरा. कारण आबा वाईट माणूस नव्हते. दुसऱ्याच्या कुत्र्यानं उठवलेल्या सशाला त्यांनी जन्मात हात लावला नाही. पाण्याला आलेल्या जनावराला पाव्हणं म्हणणारा तो माणूस. मग हे कसं?

पुष्कळ दिवस मी मनाची समजूत घातली की माळावरची ती रीत खोटीच होती. ससा परत देणं हा चांगुलपणा नव्हताच, ते भ्या होतं. आज त्याचा ससा घेतला तर उद्या तो माझा घेईल, किंवा डोकं फोडील. पारधी डोकं फोडणार नव्हता, म्हणून त्याचा तित्तर घेता आला. एवढा सरळ हिशेब.

पण हेही पुरतं खरं नाही. वाटसरूला वाटा का मिळायचा? तो काय उद्या परत येऊन आमचं वाकडं करणार होता? आणि पाणवठ्यावरचं जनावर? म्हणजे रीत निव्वळ भ्याची नव्हती. तिच्यात खरीखुरी माया होती. फक्त तिला एक वेस होती, आणि ती वेस आम्हाला दिसत नव्हती. मी पाठ फिरवून इतक्या वेळा नावं घेतली, पण त्यात एकदाही पारध्याचं नाव घेतलं नाही. नाही म्हणून घेतलं नाही असंही नाही. ते माझ्या तोंडावर येणंच शक्य नव्हतं. वाटसरू ओळखीचा नसला तरी तो माणूस होता. पारधी रोज दिसत होता, पण तो आमच्या हिशेबात माळाचाच एक भाग होता, सशासारखा.

१९६८ साली गॅरेट हार्डिन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं मांडलं की सगळ्यांच्या मालकीचं कुरण शेवटी नासतंच, कारण जो तो आपलं एक जनावर वाढवत जातो. पुढं एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंनी जगभरची कुरणं, जंगलं, पाटपाणी बघून दाखवलं की असं होतंच असं नाही. लोक आपसात नेम करतात आणि पिढ्यान्‌पिढ्या पाळतात. त्यांना २००९ साली नोबेल मिळालं. वाचून मला आमच्या माळाचा अभिमान वाटला. पण त्याच बाई असंही सांगतात की असे नेम टिकायचे तर आधी ठरावं लागतं, आतले कोण आणि बाहेरचे कोण. तिथं माझा अभिमान अडखळला. प्रत्येक चांगली रीत पहिल्यांदा कुणाला तरी बाहेर ठेवते, आणि मग आतल्यांशी सभ्यपणे वागते. हे टाळता येत नसेलही. पण निदान कुंपण कुठं घातलंय ते आपल्याला दिसलं पाहिजे. आबांना ते दिसत नव्हतं. म्हणून ते शेवटपर्यंत स्वतःला न्यायी समजत राहिले.

आता तो माळ तसा राहिलेला नाही. १९७२ सालीच दुष्काळ पडला आणि वन्यजीवांचा कायदाही आला. दुष्काळानं आम्हाला सोलापुरात आणलं. १९७९ साली माळढोकासाठी नान्नजचं अभयारण्य झालं. आधी सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर, पुढं कमी करून सुमारे बाराशे. १९९१ च्या दुरुस्तीनं परवान्याची शिकारही बंद झाली. झालं ते बरंच झालं. माळढोक दिसणं तरीही दुर्मीळच झालंय, आणि सशाच्या वाट्यासाठी मी हळहळणार नाही. पण कायद्यानं आम्ही शिकारी होतो ते दुकानदार झालो, आणि पारधी पुन्हा चोर झाला. कायदा दोघांना एकच होता. सोडायला दुसरा धंदा एकाकडंच होता.

हल्ली माळावर कॅमेरेवाले जातात. मीही नातवाला घेऊन गेलो होतो. एका गाडीवाल्यानं काळवीट पळताना पाहिजे म्हणून कळपामागं गाडी घातली. शेजारी दुसरी गाडी इंजीन बंद करून तासभर थांबली होती, तिच्यापुढनं आडवी. ते बिचारे काही बोलले नाहीत. माझ्या तोंडात आबांचं वाक्य आलं, आडवं जायचं नाही. आणि पाठोपाठ म्हाताऱ्याचं आलं, पोटाची पिसं झडली होती का? आबा शेजारच्या शिकाऱ्याचा विचार करत होते. म्हातारा फाशातल्या पाखराचा करत होता, तेही त्या पाखराची चोरी झाल्यावर. दोन्ही रीतीच. पण कुणाची मोठी, हे मला आता विचारावं लागत नाही.

मागच्या दिवाळीआधीची गोष्ट. समोरच्या ओळीत एक नवी बाई सीताफळांची पाटी घेऊन आली आणि विटेला खेटून बसली. कडेवर लेकरू. बोलीवरनं पारधी वाटली. मावशी आल्या आणि कडाडल्या, "ऊठ गं! वीट दिसत न्हाई का?" लिंबंवाला, केळीवाला, सगळे मावशींच्या बाजूनं. रीतीनं बघितलं तर मावशींचं बरोबरच होतं. बाई उठली, पाटी डोक्यावर घेतली.

मी दारातनं म्हणालो, "बसू द्या की हो मावशी तिला. तुमचं काय जातंय?"

मावशी माझ्याकडं वळल्या. "माझं काय जातंय? हात भर जागा जातीया. तुमचा एवढा जीव तुटतोय तर बसवा की तुमच्या पायरीवर!"

ओळीतले सगळे हसले. मीही हसलो असतो, पण मावशींनी नेमकं बोट ठेवलं होतं. दुसऱ्याच्या ढिगातनं वाटा काढून देणं सोपं असतं. सणाच्या तोंडावर गिऱ्हाईक आत यायचं तर पायरी मोकळी लागते, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा आठवलं. मी गप्प उभा राहिलो. किती वेळ ते सांगत नाही, पण उभा राहिलो एवढं खरं.

मग खालच्या पायरीवरची वह्यांची खोकी मी आत ओढली. बाईनं मावशींकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि पाटी टेकवली. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर करायला गेलो तर पायरीच्या कोपऱ्यात एक दगड ठेवलेला होता.

मी तो हलवला नाही.