ताटामागे दर आणि अन्नाची शुद्धी
भिवंडीच्या धामणकर नाक्यासारख्या गजबजलेल्या भागात साखरपुडा, बारसे वा वर्षश्राद्ध यांचे जेवण आता बहुधा केटररकडे सोपवले जाते, आणि त्यातून एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो, तो असा की दुसऱ्याच्या चुलीवर शिजलेल्या, ताटामागे दर ठरवून घेतलेल्या अन्नाने यजमानाचा अन्नदानधर्म पुरा होतो काय. रामानुजाचार्यांच्या परंपरेत अन्नाचे तीन दोष मानले आहेत: पदार्थाच्या स्वभावातून येणारा जातिदोष, ज्याच्याकडून अन्न येते त्याच्यामुळे लागणारा आश्रयदोष आणि केस, कीड, धूळ यांनी घडणारा निमित्तदोष. पहिला दोष पदार्थांची यादी करतानाच टाळता येतो. तिसऱ्यासाठी २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आहेच.

खरा पेच आश्रयदोषाचा आहे, कारण व्यवहारात त्याचा अर्थ स्वयंपाक्याची जात असाच लावला गेला, आणि तो अर्थ लावणाऱ्यांच्या सोयीचा होता. पैठणच्या एकनाथांनी श्राद्धाचे अन्न अस्पृश्य मानलेल्यांना वाढल्याची कथा त्यालाच छेद देते. आश्रय म्हणजे आचरण असे मानले, तर तपासणी यजमानाकडेही वळते: रात्री उशिरापर्यंत टोप घासणाऱ्या बाईला आणि वाढप्यांना ठरलेली मजुरी मिळते की नाही, त्यांचे पान मांडले जाते की उरलेसुरले त्यांच्या वाट्याला येते, हेही शुद्धीतच मोडते. तैत्तिरीय उपनिषदाची भृगुवल्ली अन्न विपुल करावे आणि आलेल्याला परत पाठवू नये असे सांगते, तर केटरर ताटांचा आकडा आधी मागतो. म्हणून दहा-वीस ताटे अधिक सांगणे हा हिशेबातला ढिसाळपणा नव्हे, मात्र उरलेले अन्न कोणाकडे जाईल हे आगाऊ रक्कम देतानाच ठरलेले असावे.