शिंगराचा पाय



मन आवरणे वारा आवरण्याइतके कठीण आहे, अशी तक्रार अर्जुनाने गीतेच्या सहाव्या अध्यायात केली आहे. भगवंतांनी ती खोडून काढली नाही. ती मान्य करूनच त्यांनी अभ्यास आणि वैराग्य ही दोन साधने सांगितली. हा 'अभ्यास' शब्द मी तीस वर्षे वाचीत आलो आणि त्याचा अर्थ मनाशी कुस्ती असाच समजत आलो. ती समजूत चुकीची होती, हे मला एका तबेल्यात कळले.

तापीकाठी सारंगखेडे येथे दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा मोठा बाजार भरतो. त्या भागात एका स्नेह्यांकडे उतरलो असता त्यांच्या तबेल्यातील वृद्ध मोतद्दार चार महिन्यांच्या शिंगरास पाय देण्यास शिकवीत होता. 'पाय देणे' हा त्याचाच शब्द. पाय घ्यावयाचा नसतो, घोड्याने तो द्यावयाचा असतो, असे तो म्हणाला.

घोड्याचा खूर आपल्या नखाप्रमाणे सतत वाढतो, महिन्याकाठी सुमारे 6 ते 10 मिलिमीटर. खडकाळ रानात तो झिजतो. तबेल्याच्या मऊ भूमीवर झिजत नाही. म्हणून साधारण 6 ते 8 आठवड्यांनी तो तासावा लागतो. कोवळ्या वयात याची हयगय झाली तर पावलाचा तोल बिघडतो आणि सांधे वाकडे वळणाचे होऊ लागतात. खुराचे बाहेरील कवच निर्जीव असल्याने नीट तासण्यात वेदना नाही. मग शिंगरू थरथरते का? पळणे हेच त्याचे संरक्षण आहे. ज्याचा पाय धरला गेला, त्याला आपला प्राणच परक्याच्या मुठीत गेला असे वाटते.

पहिले काही दिवस त्या वृद्धाने पाय उचललाच नाही. शिंगराची आई शेजारी बांधलेली असे. तो खांद्याच्या बाजूने जवळ येई, कारण घोड्याला अगदी पाठीमागचे दिसत नाही. तळहात खांद्यावर ठेवून तो हळूहळू खाली गुडघ्याकडे नेई. जेथे कातडी थरथरे, तेथे हात थांबे. पुढे जात नसे, निघतही नसे. शिंगरू शांत झाले, एक निःश्वास टाकला, की लगेच हात दूर.

मी विचारले, "आबा, आता ते शांत झाले आहे. मग हात का काढता?"

"दादा, हात केव्हा काढायचा, सगळी विद्या तेवढीच आहे. लाथ झाडल्यावर सोडलं तर ते शिकतं की लाथ झाडली म्हणजे सुटका. शांत झाल्यावर सोडलं तर शिकतं की शांत राहिलं म्हणजे सुटका."

पुढे पाय जमिनीपासून वीतभर उचलणे आले. दोन अंक मोजेपर्यंत धरावयाचा आणि हाताने अलगद खाली टेकवावयाचा; सोडून द्यावयाचा नाही. पाय बाहेर ओढावयाचा नाही, कारण तीन पायांवर तोल सांभाळणे लेकराला नवे असते. डावीकडचे शिकले म्हणजे उजवीकडचे आले असे नाही. तेथे पुन्हा प्रारंभापासून. मागचे पाय त्यानंतर. मग खुरावर तळहाताची थाप, मग कानशीच्या पाठीचा स्पर्श, आणि एके दिवशी कानशीचे दोनच हात. त्या दिवशी काम तेवढेच.

तबेल्याच्या टोकास तीन वर्षांचा एक देखणा घोडा उभा होता. लहानपणी त्याच्या पूर्वीच्या मालकाने वेळ नाही म्हणून त्याला दोरांनी पाडून चारही खूर तासविले होते. खूर त्या दिवशी सुरेख झाले असतील! पण तेव्हापासून तो पायाला हात लावू देईना. पुढे तळव्यात खडा रुतून जखम चिघळली, तरी उपचारासाठी कोणी जवळ जाऊ शकेना. तो अजून लंगडत होता. त्याच्या खांद्यावर हात ठेवण्यापर्यंत मजल यावयास वृद्धाला तीन महिने लागले होते.

सज्जनहो, त्या घोड्यासमोर मला उभे राहवेना. माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना मी त्यास पहाटे ओढून उठवीत असे आणि पूर्ण अध्याय म्हटल्याखेरीज उठू देत नसे. तो रडला की दोन श्लोक अधिक. बारा अध्याय पाठ झाले. पाहुण्यांपुढे मी ते मिरविलेही. तो आज सज्जन गृहस्थ आहे, मला मान देतो. पण गीतेचे नाव निघाले की खोलीतून उठून जातो. माझ्या दोरांचे वळ तेथे आहेत.

त्या दिवसापासून वैराग्याचाही एक अर्थ मला दिसू लागला. आजच चारही खूर झाले पाहिजेत, हा शिकविणाऱ्याचा हट्ट सुटणे, हेही वैराग्यच. तो हट्ट न सुटता केलेला अभ्यास बळजोरी होतो, मग ती मुलावर असो वा जपाला बसलेल्या आपल्याच मनावर. मन जेथे बिचकते तेथे थांबावे. तेथूनच त्याला परत आणावे. 'हळूहळू' हे भगवंतांनी त्याच अध्यायात सांगितले आहे. आपणच ते घाईने वाचून जातो.

उपनिषदात इंद्रियांना घोडे आणि मनाला लगाम म्हटले आहे. आपले लक्ष लगामावरच खिळते. द्रोणपर्वात मात्र जयद्रथवधाच्या दिवशी भर रणांगणात रथ थांबतो. अर्जुन पायउतार होऊन शत्रुसैन्य थोपवून धरतो, आणि भगवान श्रीकृष्ण दमलेले घोडे सोडतात, त्यांच्या अंगातील बाण स्वहस्ते काढतात, त्यांना चोळतात, पाणी पाजतात. सूर्य अस्ताकडे चाललेला, प्रतिज्ञा अर्जुनाच्या प्राणावर बेतलेली; तरी त्या हातांना घाई नाही. चहूकडे शंखांचा आणि शस्त्रांचा कल्लोळ असता ते घोडे अंगातील बाण काढू देत उभे राहिले. असा विश्वास एका दिवसाचा नसतो.

मुलाने अद्याप गीता हाती घेतलेली नाही. मीही तो विषय काढीत नाही. नातू सहा वर्षांचा आहे. पहाटे मी पाठ करीत असता तो कधी मांडीजवळ येऊन बसतो, कधी अंगणात पळतो. परवा एक श्लोक ऐकून त्याने विचारले, "आजोबा, पुढचा?" जीभ शिवशिवली. मी पोथी मिटली आणि त्याला पारिजातकाची फुले वेचावयास घेऊन गेलो.