विद्याधनाची चोरी

विद्याधन चोरास नेता येत नाही आणि वाटल्याने ते उणे होत नाही, हा उपदेश आमच्या पिढीने अर्थ कळण्यापूर्वीच पाठ केला होता. सोनेनाणे लुटले जाते, शेताची वाटणी होते. विद्या तेवढी निर्भय, असा त्याचा भाव. तेव्हा विद्येची चोरी होऊ शकते काय, असा प्रश्न कोणी आम्हांस गंभीरपणे विचारील, हे आमच्या स्वप्नीही नव्हते. परंतु काही वर्षांपूर्वी संशोधनासाठी नाव नोंदविलेला एक विद्यार्थी आमच्याकडे आला, छापील कागदांची एक चळत त्याने मेजावर ठेविली आणि खाली मान घालून म्हणाला, “सर, हे लेख मी एका बेकायदा संकेतस्थळावरून उतरवून घेतले आहेत. ही चोरी झाली का?” त्या वेळी काहीतरी उत्तर देऊन आम्ही त्याची बोळवण केली. ते उत्तर आमचे आम्हांसच पटले नव्हते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या अपुऱ्या उत्तराचा राहिलेला भाग होय.

विद्यार्थ्याचा विषय होता लोणारचे सरोवर. बुलढाणा जिल्ह्यातील माणसास लोणार म्हणजे काय हे सांगणे नको. लवणासुराच्या वधाची कथा येथील मुले आजीच्या तोंडूनच ऐकतात. काळ्या बेसाल्ट दगडात पडलेले, सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे हे विवर आणि त्याच्या तळाचे खारे पाणी यांची नोंद अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ मध्ये केली. हे ज्वालामुखीचे मुख की आकाशातून आलेल्या पाषाणाचा घाव, हा वाद पुढे दीर्घकाळ चालला. अखेर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी तळाखालील खडकांचे नमुने तपासून ते आघातविवर असल्याचा पुरावा मांडला. तो लेख १९७३ मध्ये ‘सायन्स’ या अमेरिकन साप्ताहिकात प्रसिद्ध झाला.

सरोवराच्या वयाची गोष्ट याहून बोधप्रद आहे. एका पद्धतीने केलेल्या मापनावरून ते सुमारे ५२,००० वर्षांचे ठरले होते, आणि हाच आकडा पुस्तकांतून व वाटाड्यांच्या तोंडून सर्वत्र रूढ झाला. पुढे २०११ पासून प्रसिद्ध झालेल्या, आरगॉन वायूच्या मापनावर आधारलेल्या लेखांनी ते वय पाच लक्ष वर्षांच्याही पलीकडे नेले. म्हणजे दहापटींहून अधिक अंतर पडले! ज्यास हे नवे लेख वाचावयास मिळाले, तो जुन्या आकड्यावर शंका घेणार. ज्यास ते मिळाले नाहीत, तो जुना आकडाच आपल्या प्रबंधात प्रामाणिकपणे उतरवून ठेवणार. या दोघांत बुद्धीचा भेद नाही, परिश्रमाचा नाही. भेद आहे तो केवळ एका दाराचा.

त्या दारावर किंमत लिहिलेली असते. परदेशी नियतकालिकातील एकच लेख सुटा विकत घ्यावयाचा तर बहुधा ३० ते ४० डॉलर, म्हणजे आपल्या हिशेबाने तीन हजार रुपयांच्या आसपास, पडतात. असे पन्नास-साठ लेख वाचल्यावाचून कोणताही प्रबंध उभा राहत नाही. लोणारपासून तासाभराच्या अंतरावर राहणाऱ्या मुलास लोणारविषयीचे ज्ञान मात्र सातासमुद्रापलीकडून, डॉलर मोजून आणावे लागते. आणि त्या ज्ञानासाठी घाम गाळणाऱ्यांत आपल्या सरकारच्या वेतनावर काम करणारे शास्त्रज्ञही असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे मनास विषाद झाल्यावाचून राहत नाही.

तथापि विषाद म्हणजे न्याय नव्हे. प्रकाशकाची बाजूही ऐकिली पाहिजे. लेख निवडणे, शुद्ध करणे, त्याची सूची ठेवणे आणि पन्नास वर्षांपूर्वीचा अंक आजही हुडकता यावा अशी व्यवस्था राखणे, यांस खर्च येतो. यास उत्तर असे की, लिहिणारास बहुधा मोबदला नसतो आणि तपासणारे पंडितही बहुधा विनावेतन तपासतात. मग मागितलेली किंमत या खर्चाच्या प्रमाणात आहे काय? आपल्या १९५७ च्या कायद्याने स्वतःच्या अभ्यासासाठी व संशोधनासाठी केलेल्या न्याय्य उपयोगास मुभा ठेविली आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्सच्या दुकानावर प्रकाशकांनी दावा लावला, तेव्हा २०१६ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने अध्यापनासाठी केलेल्या प्रतींच्या बाजूने कौल दिला. परंतु याच न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये, परदेशी प्रकाशकांच्या अर्जावरून, ‘साय-हब’ हे लेखांचे बेकायदा भांडार देशात बंद करण्याचा आदेश दिला. म्हणजे कायदाही अभ्यासूस एका हाताने जवळ करितो आणि दुसऱ्या हाताने थांबवितो.

कायद्याचा निर्णय न्यायालय देईल. नीतीचा निर्णय आपला आपणांसच केला पाहिजे. शेजारणीच्या घरून चमचाभर विरजण आणिले तर तिचे दही उणे होत नाही. या अर्थी विद्येची चोरी ही बैल किंवा दागिना चोरण्यासारखी खचित नव्हे. धन्याजवळचे काही जात नाही. पण शेजारीण निजली असता तिचे फडताळ उघडून विरजण नेले तर? दही तेवढेच राहिले, तरी काहीतरी बिघडलेच. बिघडला तो दोन घरांमधला विश्वास. संशोधनाच्या बाबतीत हा बिघाड अधिक खोल आहे; कारण ‘हे मला कोठून मिळाले’ हे उघड सांगणे, हाच संशोधकाचा मुख्य धर्म. ज्यास आपली वाट लपवावी लागते, त्याच्या हातून पुढे आणखीही काही लपविले जाण्याचा संभव असतो.

याहूनही मोठा दोष आम्हांस दुसरीकडे दिसतो. कुंपण ओलांडून ज्याचे काम भागले, तो दार उघडा म्हणून ओरडत नाही. त्याच्यापुरता प्रश्न सुटला. मागून येणाऱ्यासाठी कुलूप जसेच्या तसे राहिले. चोरवाटेने गरज भागते, अन्याय मिटत नाही.

आणि येथे आमच्या स्वतःच्या अपराधाची कबुली देणे भाग आहे. त्या दिवशी विद्यार्थ्याची चळत आम्ही पुढे एकएक करून पाहिली, तेव्हा असे आढळले की, त्यांतील निम्मे लेख उघड्या दाराने मिळण्याजोगे होते. काही लेखकांनी आपली हस्तप्रत आपल्या विद्यापीठाच्या भांडारात सर्वांसाठी ठेविली होती. शोधयंत्रात लेखाच्या नावाखाली असलेल्या इतर आवृत्त्या पाहिल्या असत्या तर ती सापडली असती. एका लेखकास दोन ओळींचे पत्र धाडताच दुसऱ्याच दिवशी लेख आला. गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राने चालविलेल्या ‘शोधगंगे’त देशातील विद्यापीठांचे लाखो प्रबंध विनामूल्य वाचावयास मिळतात, महाविद्यालयांसाठी ‘एन-लिस्ट’ ही योजना तर २०१० पासूनची. मुलाने ही दारे ठोठावली नव्हती, कारण ती आहेत हेच त्यास कोणी सांगितले नव्हते. सांगावयाचे कोणी? आम्हीच. त्याच्या चोरीत आमच्या आळसाचा वाटा होता.

सरकारनेही आता मोठे पाऊल उचलले आहे. ‘एक राष्ट्र एक सदस्यता’ या योजनेस नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाची संमती मिळाली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि जवळजवळ १३,००० नियतकालिके असा तिचा पसारा. तिचे स्वागत करावयास हवेच. परंतु योजनेची आखणी केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील संस्था डोळ्यांपुढे ठेवून झाली, आणि आमच्या वऱ्हाडात महाविद्यालये उभारिली ती बहुतांशी शिक्षणप्रेमी मंडळींनी, वर्गणी गोळा करून, संस्था स्थापून. आडगावी स्वतःच्या हिमतीने शाळा-कॉलेजे काढणाऱ्यांची नातवंडे दाराबाहेर राहू नयेत, ही मागणी मोठ्याने केली पाहिजे. आणि ती मागणी उघड दाराने जाणारासच शोभते.

आमच्या पूर्वजांनी मनुष्यावर तीन ऋणे सांगितली. त्यांत एक ऋषिऋण. ते अध्ययनाने फिटते असे मानीत. आम्हांस वाटते, केवळ अध्ययनाने ते अर्धेच फिटते. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात विद्या संपादिली, आणि परत येऊन २३ खंडांचा ज्ञानकोश मराठीत उभा केला. आज तो संगणकावर कोणासही फुकट वाचता येतो. परक्या दारातून घेतलेले आपल्या अंगणात आणून मांडणे, ही त्या ऋणाची खरी परतफेड होय. लोणारवर इंग्रजीत लिहिलेले संशोधन लोणारच्या शाळामास्तरास कळत नसेल, तर त्या गावच्या दगडांचे देणे आपण बुडविलेच म्हणावयाचे. मग लेख मोल देऊन आणिलेला असो की फुकट.

त्या विद्यार्थ्यास आज आम्ही असे सांगू: बाबा, तू चोर आहेस असे आम्ही म्हणत नाही; पण तू निर्दोष आहेस असा दाखलाही देत नाही. आधी सर्व दारे ठोठाव, जे बंद आढळेल त्याविषयी बोल, आणि जे मिळेल ते मराठीत परत कर. त्याचा प्रबंध यथाकाळ पुरा झाला व शोधगंगेत गेला. गेल्या दिवाळीत तो घरी आला, तेव्हा सरोवराच्या वयासंबंधी मराठीत लिहिलेली सोळा पानांची पुस्तिका त्याने आमच्या हाती दिली. गावातील दोन शाळांत ती त्याने स्वतः नेऊन ठेविली आहे. शेवटच्या पानावर त्याने आधाराला घेतलेले सर्व लेख दिले आहेत, आणि प्रत्येकापुढे तो कोठे विनामूल्य वाचता येईल हे लिहिले आहे. तीन लेखांपुढे मात्र त्याने एवढेच लिहिले आहे: ‘हा अद्याप विकत घ्यावा लागतो.’