मासा आणि मासळी

तिलापियावरची आपल्याकडची चर्चा दोनच सुरांत चालते. एका बाजूला तो गरिबाच्या ताटात स्वस्त प्रथिने आणणारा उपकारकर्ता, दुसऱ्या बाजूला आपल्या जलाशयांत घुसून स्थानिक माशांना हुसकावणारा परका. दोन्ही पक्ष तावातावाने बोलतात, पण ‘तिलापिया’ म्हणजे नेमका कोण, हा प्रश्न कोणालाच पडत नाही. १९५२ मध्ये भारतात आणला गेला तो मोझांबिकचा तिलापिया. पुढे आला तो नाईलचा. उजनीच्या काठावर दोघांनाही चिलापी म्हणतात आणि तिथल्या व्यवहारापुरते ते ठीकच आहे. विचार करणाऱ्यांनीही तेवढ्यावरच थांबावे, हे मात्र खटकते. कारण हा एक मासा नव्हे, आफ्रिकेतल्या अनेक जातींचे ते कूळ आहे. त्यातली एक जात जगभरच्या तळ्यांत वाढवली जात असताना दुसरी तिच्याच मूळ घरी संपत आली आहे. ‘तिलापिया वाढतो आहे’ हे विधान खरे असूनही ते ऐकणाऱ्याची फसगत करते, ती इथे.

संपत आलेल्या त्या माशाचे नाव न्गेगे. शास्त्रीय नाव ओरिओक्रोमिस एस्क्युलेंटस. घर व्हिक्टोरिया आणि क्योगा या सरोवरांचा परिसर. मायकेल ग्रॅहम यांनी १९२७-२८ मध्ये व्हिक्टोरियातील मासेमारीची पाहणी केली आणि १९२८ मध्ये या जातीचे शास्त्रीय वर्णन केले. एस्क्युलेंटस या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘खाण्याजोगा’. माशाची ओळखच त्याच्या चवीवरून ठरली, हे मला फार बोलके वाटते. वास्तविक त्याच्याबद्दल सांगण्यासारखे बरेच काही होते. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म शैवाल, विशेषतः सिलिकाच्या कवचाचे डायटम, तो कल्ल्यांपाशी स्रवणाऱ्या चिकट द्रवात अडकवून गिळतो. नर तळाच्या वाळूत खड्डा करतो, मादी तिथे अंडी घालते आणि लगेच ती तोंडात उचलून घेते. पिल्ले बाहेर पडून स्वतंत्रपणे पोहू लागेपर्यंत आईचे तोंड हेच त्यांचे घर, आणि नंतरही काही दिवस धोका दिसला की ती तिथेच शिरतात. आपला रोहू एका हंगामात लाखांनी अंडी सोडतो आणि त्यांना नशिबावर सोपवतो. न्गेगेची अंडी त्या मानाने फारच थोडी, पण प्रत्येक अंडे सांभाळलेले. अशा जातीची मोठी मादी जाळ्यात गेली की अनेक हंगामांची वीण जाते.

१९०१ मध्ये रेल्वे किसुमूला पोहोचली, १९०५च्या सुमारास धाग्याची गळजाळी आली आणि न्गेगे दूरच्या शहरांत विकला जाऊ लागला. बाकीची कथा परिचित आहे. ग्रॅहम यांनी जाळ्याच्या डोळ्याला किमान पाच इंचांची मर्यादा सुचवली, ती लागू झाली आणि पुढे गुंडाळलीही गेली. पकड घटल्यावर १९५०च्या दशकात सरोवरात बाहेरचे तिलापिया सोडले गेले, त्यांत नाईलचा नायलोटिकसही होता. याच काळात नाईल पर्च हा शिकारी मासाही आला. सगळा दोष त्या पर्चवर टाकणाऱ्यांना एवढेच सांगावे लागेल की त्याची संख्या भडकली ती १९८०च्या दशकात, आणि न्गेगेची उतरण त्याच्या कितीतरी आधी सुरू झाली होती.

मला खरा वाद घालायचा आहे तो अधिक समंजस भासणाऱ्या एका मताशी. ते मत असे: एक तिलापिया गेला, त्याच्या जागी दुसरा आला. जागा रिकामी राहिली नाही, लोकांना मासे मिळत राहिले, मग गेले काय? या मतात ‘जागा’ हा शब्द सगळे काम करतो, म्हणून त्याचीच उलटतपासणी हवी. न्गेगेची जागा म्हणजे सरोवरातले रिकामे पाणी नव्हे. डायटमवर जगण्याची एक विशिष्ट रीत, हीच ती जागा. शेतांतून आणि वस्त्यांतून वाहून आलेल्या पोषकद्रव्यांनी सरोवरात डायटमऐवजी नीलहरित शैवाल माजले. नायलोटिकसच्या जठरातले आम्ल इतके तीव्र असते की ते या शैवालाच्या पेशी फोडू शकते. शिवाय त्याला किडे, गाळ, काहीही चालते. म्हणजे न्गेगेची जागा भरली गेली नाही, ती जागाच मोडली आणि मोडलेल्या पाण्यात तगणारा मासा तिथे वाढला. कोणी म्हणेल, नायलोटिकसही तोंडातच पिल्ले वाढवतो, मग तो कसा टिकला? रास्त प्रश्न आहे, आणि तो माझ्याच बाजूने बोलतो: पिल्ले जपण्याची रीत सारखी असूनही दोघांचे भवितव्य वेगळे झाले, तेव्हा त्यांना अदलाबदलीचे समजणे चुकीचे. आसपासच्या छोट्या तळ्यांत न्गेगे नीलहरित शैवालातही तगलेला आढळतो, हे मान्य करायला हवे. केवळ आहाराने सगळे उलगडत नाही. पण तिथेही नायलोटिकस पोहोचला की दोघांचा संकर होतो. म्हणजे नवा आलेला मासा शेजारी राहतच नाही, तो जुन्याला आपल्यात विरघळवून टाकतो. याला जागा भरणे म्हणता येत नाही.

आपल्या भाषेने इथे एक सोय करून ठेवली आहे. आपण मासळी बाजार म्हणतो, मासा बाजार म्हणत नाही. मासळी वजनावर मोजतात. मासा पाण्यात असतो, त्याला जात, वीण, अन्न आणि घर असते. बोलण्यात ही रेघ पुसट होते हे खरे, पण विचारात ती पुसली तर ‘जागा भरली’ यासारखी वाक्ये जन्मतात. मासळी टिकली म्हणून मासा टिकला असे होत नाही. भुकेल्या माणसाला हा भेद सांगणे क्रूरपणाचे आहे, असा आक्षेप येईल. पण मासळी वाढवू पाहणाऱ्यांनाही शेवटी माशाकडेच यावे लागले. नाईल तिलापियाचे ‘गिफ्ट’ हे सुधारित वाण घडवण्याचे काम १९८८ मध्ये फिलिपिन्समध्ये सुरू झाले. शेततळ्यांतल्या वाणांवर भागेना, म्हणून इजिप्त, घाना, सेनेगल आणि केनियातून रानटी मासे आणावे लागले. ते मूळ पाण्यात शिल्लक होते, म्हणून मिळाले.

न्गेगेच्या बाबतीत तेवढे तरी शिल्लक आहे का? तो आज अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. त्याचे मूळ सरोवर सुमारे ६८,८०० चौरस किलोमीटरचे. त्याचा आज उरलेला एक महत्त्वाचा आसरा म्हणजे केनियातल्या याला पाणथळीतले कान्याबोली तळे. त्याचा विस्तार दहा-अकरा चौरस किलोमीटर, आणि नायलोटिकसचे वंशांश तिथल्या न्गेगेतही सापडले आहेत.