बाळ ‘पुरे’ म्हणतं तेव्हा

तेलाने माखलेल्या हातांना फोन उचलता येत नाही. बाळाच्या मालिशचा हा फायदा कुठल्याच ग्रंथात लिहिलेला नाही, पण आजच्या आईबापांपुरता तोच पहिला म्हणायला हवा. एरवी एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातात मोबाइल ही कसरत दिवसभर चालूच असते. बाळ दूध पितं तेव्हासुद्धा आपला अंगठा पडद्यावर फिरत असतो. मालिशच्या वेळी मात्र दोन्ही हात गुंततात, आणि हात गुंतले की डोळेही तिथेच राहतात. थोडा वेळ का होईना, बाळाच्या वाट्याला अख्खा माणूस येतो.

पुण्यात हा वेळ बहुतेक घरांनी मालिशवाल्या मावशींकडे सोपवलेला असतो. सकाळी नऊ ते अकरा ही त्यांची घाईची वेळ. सदाशिव पेठेत वाडा पाडून बांधलेली इमारत असो की बाणेरचा टॉवर, मावशी येतात, बांगड्या काढून ठेवतात, पदर खोचून पाटावर बसतात आणि पाय लांब करून बाळाला त्यावर पालथं घेतात. टाळूवर तेल, मग पाठ, मग पाय, शेवटी साय-पिठाचा हात आणि ऊन पाणी. न्हाऊनमाखून झालेलं बाळ दुपट्यात गुंडाळून आईच्या हातात आलं की दोन-तीन तास गाढ झोपतं. दहा घरची बाळं हाताखालून गेलेल्या मावशींना कुठला खांदा आखडलाय, पोटात वारा कुठे धरलाय, हे नुसत्या बोटांना कळतं. हे कसब खरंच मोठं आहे. आईबाप मात्र दारात उभे राहून त्याचा व्हिडिओ काढतात.

याच दारातून एक संवाद हमखास ऐकू येतो. बाळ टाहो फोडतं, आई कळवळून म्हणते, “मावशी, जरा हळू.” आतून उत्तर येतं, “रडू द्या ताई, रडल्यानं छाती भरते.” घरातल्या आजीही मान डोलावतात. या उत्तरामागे एक जुनी समजूत आहे, की बाळ अजून कच्चं आहे आणि त्याला घडवायचं काम मोठ्यांच्या हाताचं आहे. म्हणून नाक चिमटीत धरून सरळ करायचं, डोकं दाबून गोल करायचं, छाती पिळायची, नाकाकानात तेल सोडायचं. कणीक मळावी तशी बाळं मळली जातात. बालरोगतज्ज्ञ वर्षानुवर्षं सांगत आले आहेत, की छाती पिळल्याने सूज आणि जंतुसंसर्ग होऊ शकतो, नाकातलं तेल फुप्फुसात उतरू शकतं, आणि नाकाडोक्याचा आकार वाढत्या वयाबरोबर त्याचा तो ठरतो. तरीही ‘आम्ही नाही का वाढलो’ हे वाक्य सगळ्यांना पुरून उरतं.

मालिशचा खरा गुण जोरात नाही. मुंबईच्या सायन रुग्णालयातल्या डॉक्टरांनी नवजात बाळांच्या मालिशवर केलेला एक अभ्यास 2005मध्ये ‘इंडियन पीडियाट्रिक्स’मध्ये प्रसिद्ध झाला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांपैकी ज्यांना खोबरेल लावून मालिश मिळालं, त्यांचं वजन इतरांपेक्षा वेगाने वाढलं. त्यातही लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की रुग्णालयात असेपर्यंत हे काम शिकलेले हात करत होते, पण घरी गेल्यावर ते बाळाच्या आईकडे आलं. त्याआधी 1986मध्ये अमेरिकेत टिफनी फील्ड यांनी अशाच इवल्या बाळांना दिवसातून तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटं मालिश देऊन पाहिलं. दहा दिवसांत त्यांचं वजन मालिश न मिळालेल्या बाळांपेक्षा 47 टक्के जास्त वाढलं. दूध दोघांच्या पोटात सारखंच गेलं होतं.

आपल्या त्वचेखाली काही मज्जातंतू असे आहेत, की ते सावकाश फिरणाऱ्या हातालाच मनापासून दाद देतात. सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर एवढाच त्यांचा आवडता वेग. कुठल्याही आईला न शिकवता बाळाच्या पाठीवरून नेमक्या याच वेगाने हात फिरवावासा वाटतो. घाई झाली की हा वेग सुटतो. म्हणून पुढची आंघोळ गाठायची असलेल्या मावशींना जे जमणं अवघड, ते घरच्या माणसाला सहज जमू शकतं.

शिकायला फार काही लागत नाही. नखं कापलेली, अंगठी काढलेली, खोलीत वारा नाही, बाळाचं नुकतंच दूध झालेलं नाही, एवढं पाहायचं. तेल आधी आपल्या तळव्यांवर घेऊन चोळायचं, म्हणजे त्याचा गारठा जातो. सुरुवात पायांपासून करावी, कारण अनोळखी हात पायांना सगळ्यात लवकर चालतो. पोटावरून हात घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला, की अडकलेला वारा आतड्याच्या वाटेने पुढे सरकतो. फार हलका हात गुदगुल्यांसारखा वाटून बाळ वैतागतं. हात मऊ हवा, पण ठाम.

मग मूठ. तीन आठवड्यांच्या बाळाची मूठ घट्ट मिटलेली असते. ती ओढून उघडू पाहिली तर आणखी आवळते. पण मनगटाकडून तळव्याच्या कडेने अंगठा हळूहळू वर नेला, की बोटं एकेक करून सुटतात आणि आत सापडतो दुपट्याचा दोरा, थोडी लव, घामाने भिजलेला मळ. तो टिपून घेताना बाळ आपल्या चेहऱ्याकडे टक लावून पाहतं. बाळाची नजर वीतभर अंतरावर सगळ्यात चांगली ठरते, आणि मालिश करणारा माणूस साधारण तेवढ्याच अंतरावर वाकलेला असतो.

याहून अवघड धडा थांबण्याचा आहे. बाळ ‘पुरे’ म्हणतं, फक्त आपल्या भाषेत म्हणत नाही. ते मान वळवतं, बोटं फाकवतं, पाठ कमानीसारखी ताणतं, एकामागून एक जांभया देतं, उचक्या लागतात. रडणं या सगळ्यानंतर येतं. आधीच्या पाच खुणा कुणी वाचल्या नाहीत म्हणून ते येतं. मान वळली की हात तिथेच थांबवावा, उचलू नये, नुसता ठेवावा. बाळ परत वळलं तर पुढे जावं, नाहीतर डावा हात उद्यावर टाकावा. राहिलेल्या डाव्या हातापायी कुठलंही बाळ अशक्त राहिलेलं नाही.

मालिश हे बाळावर करायचं काम आहे असं आपण धरून चालतो. ते बाळाबरोबर करायचं काम आहे. दोन महिन्यांच्या जिवाने नको म्हटलं आणि मोठ्या माणसाचा हात थांबला, ही त्याच्या आयुष्यातली पहिली ऐकली गेलेली तक्रार. आपल्या अंगाबद्दल आपल्याला काही म्हणता येतं, हे ते शाळेत शिकणार नाही, इथेच शिकेल. आणि मूल काही सांगतं तेव्हा आपण थांबायचं असतं, हे आईबापही इथेच शिकतात. पुढे ते पंधरा वर्षांचं होऊन दार लावून घेईल तेव्हा ही सवय कामाला येईल.

फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ फ्रेडरिक लबोये यांनी कोलकात्यात एका आईला रस्त्याकडेला बाळाला तेल चोळताना पाहिलं आणि 1976मध्ये तिच्याच नावाने ‘शांताला’ हे पुस्तक काढलं. तिथून युरोपातल्या आया आणि बापही बाळाचं मालिश शिकू लागले. बाप हा शब्द मुद्दाम लिहिला. दूध पाजणं आईचं, पण तेलाच्या वाटीवर कुणाची मक्तेदारी नाही. सकाळची वेळ मावशींची असेल तर संध्याकाळी ऑफिसातून आलेल्या बाबांनी नुसते पाय चोळावेत. बाळाला वास ओळखता येतो, हातही ओळखता येतात.

मावशींना काढून टाकायचं कारण नाही. त्यांच्याइतकी जाण आपल्याला वर्षभरात येणार नाही. फक्त आज त्या आल्या की दारात उभं राहू नका. शेजारी बसा, म्हणा, “मावशी, एका पायाचं तुम्ही करा, दुसऱ्याचं मी करते.” पाय कसा धरायचा ते मावशी शिकवतील. कधी सोडायचा ते बाळाला विचारा.