टाकण्यापूर्वीचा क्षण

वस्तू टाकाऊ ठरते ती माणसाच्या दृष्टीमुळे. चंदीगढ वसवताना अनेक खेडी पाडली गेली. त्यांचे अवशेष, फुटकी भांडी, बांगड्यांच्या काचा आणि दगडगोटे नेकचंद या रस्ते-निरीक्षकाने वर्षानुवर्षे गुपचूप जमवले. त्यांतून घडलेले ‘रॉक गार्डन’ १९७६ मध्ये लोकांसाठी खुले झाले.

घरात आईवडील मुलांसह वाळकी पाने, बिया, चिंध्या आणि जुन्या लग्नपत्रिका जोडून वृक्ष किंवा सूर्य साकारतात, तेव्हाही दृष्टीचे असेच परिवर्तन घडते. मात्र त्यात एक नैतिक धोका आहे. टाकाऊतून सुंदर काही घडते म्हणून टाकणेच क्षम्य आहे, असे मुलाला वाटू लागेल. प्रसंगी कलाकृतीसाठी नव्या वस्तूही मोडल्या जातील.

खंडेनवमीला आपण अवजारे पुजतो. तो मान वापरातल्या वस्तूंचा असतो. उपयोग सरलेल्या वस्तूविषयी कृतज्ञ राहणे अधिक कठीण. मुलाने घडवलेला सूर्य पुढे फिका पडेल, त्याची पानेही गळतील. परंतु काही फेकताना त्याचा हात क्षणभर थबकू लागला, तर ती कला सार्थ झाली असे म्हणता येईल.